शंभर सुपं आणि चौथी शिटी

९ जानेवारी १९५८

टपालात खात्याचं मासिक आलं. पान अकरा. 'सूपचित्रे : प्रौढ शिक्षणातील एक अभिनव पद्धती.' लेखक, आमचे समाजशिक्षण संघटक. फोटोसकट. टोपी किंचित तिरपी, चेहऱ्यावर विनय.

तीनदा वाचलं. पद्धत माझी. गावात दारोदार फिरून शंभर सुपं जमवली मी. सुपाची आतली बाजू चुन्याने पांढरी आणि पाठ काजळाने काळी करायची, ही युक्ती माझी. वाक्यंसुद्धा माझ्याच अहवालातली, एका चुकीसकट. आणि मी कुठे? शेवटून दुसऱ्या ओळीत. "सुपे रंगविण्याच्या कामी स्थानिक ग्रामसेविकेचे साह्य झाले."

रंगविण्याच्या कामी!

आजपासून या वहीत त्याचं नाव येणार नाही. सं. एवढंच लिहीन. जास्त शाई घालवण्याची त्याची लायकी नाही.

१० जाने.

निर्धूर चूल दाखवायला दोन घरी गेले. हात चिखलात, डोकं पान अकरावर. तानाबाई म्हणाली, "बाई, आज तोंड काऊन असं? भात करपल्यावानी." सांगितलं नाही. ती माझ्या प्रौढ वर्गातली सगळ्यात हट्टी बाई. तिला कळलं तर ती सं.ला चार लोकांत विचारेल, तो चार गोड शब्द बोलेल, आणि प्रकरण मिटेल. मला ते मिटायला नको आहे.

गेल्या सालचे मळणीचे दिवस आठवतात. मी बोडीच्या, गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवर बसले होते. खाली खळ्यावर सात बाया रांगेत धान पाखडत होत्या. सूप वर गेलं की उजळ, उलटलं की काळपट. वाटलं, कुणी कधी उलटायचं हे यांना आधी सांगून ठेवलं तर...

घरी येऊन वहीच्या पानावर दहा उभी, दहा आडवी अशी शंभर घरं आखली. काही शाईने भरली, काही कोरी ठेवली. पणती झाली. एक घर म्हणजे एक माणूस. प्रत्येकाला नंबर, एक ते शंभर, आणि एक चिठ्ठी : कितव्या शिटीला सुपाची कुठली बाजू वर. ज्याला त्याला आपलं सूप तेवढं ठाऊक. चित्र दिसतं ते उंचावर उभं राहणाऱ्याला.

पाटी-खडू घेऊन दीड वर्षात ज्यांना दहाच्या पुढे नेता आलं नाही, ती माणसं आपली जागा शोधायची म्हणून दोन महिन्यांत शंभरपर्यंत शिकली. सं. त्या दोन महिन्यांत इकडे फिरकलाही नव्हता.

१४ जाने. संक्रांत

सं. जीपने आला. मी तिळगूळ दिला. गोड बोला म्हणाले. माझ्यापुरतं ते तिथेच संपलं.

बातमी अशी की मुंबईहून मोठे साहेब येणार. आपण मुंबई राज्यात जाऊन सव्वा वर्ष झालं, अजून मुंबईचं कुणी वैनगंगेपर्यंत पोचलं नव्हतं. शिवरात्रीची जत्रा उठली की मार्कंड्याला, नदीच्या वाळूत कार्यक्रम. साहेब वर काठावर, आमचे शंभर जण खाली. चार चित्रं. पणती, नांगर, देऊळ, "आणि चौथं गुपित ठेवू या. तालमीतसुद्धा नको. साहेबांसमोर एकदमच!"

लेखाचं विचारलं. म्हणाला, "नाव कुणाचं याला महत्त्व नसतं, बाई. कार्य मोठं."

"मग माझं घालायचं होतं."

"तुम्ही फार विनोदी आहात," म्हणाला, आणि जाताना आणखी दोन लाडू उचलले.

चौथं गुपित. बरं.

१७ जाने.

गाढव.

नुसता शब्द लिहूनच जिवाला बरं वाटलं.

मोठे साहेब खुर्चीवर. शेजारी सं., छाती काढून, 'माझी पद्धती' सांगत. चौथी शिटी. खाली वाळूत शंभर सुपांचं गाढव, कानांसकट. साहेब विचारतील, हे काय? बोल की मग. पद्धत तुझी ना? गाढवही तुझंच.

२० जाने.

दहा घरांत गाढव बसवणं म्हणजे खायचं काम नाही. पहिलं काढलं ती गाय झाली. दुसरं, बाज. पाय चारही दाखवले तर पोट उरत नाही. तोंड लांब केलं तर शेपटी चौकटीबाहेर. पाच कागद फाडले.

शेवटी कळलं, सगळं कानात आहे. कान तीन-तीन घरं उंच केले, मध्ये एक घर कोरं, आणि कागद हात लांब करून पाहिला. अस्सल! एकटीच हसत सुटले. नवरा गेल्याला सहा वर्षं झाली, इतकी मोकळी हसले नव्हते.

२३ जाने.

सं.ला दाखवायला चौथ्या चित्राचा वेगळा कागद केला, उगवता सूर्य. त्याने ऐटीत सही ठोकली. "नवयुगाचा सूर्य. सुंदर." चिठ्ठ्यांचा गठ्ठा शेजारीच होता. वरची एक उचलली, हं हं केलं, ठेवून दिली. चित्र आणि चिठ्ठ्या घर-घर जुळवून पाहायच्या असतात, हेच त्याला माहीत नाही. आयत्या बिळावर नागोबा. बिळात वाट कुठून कुठे जाते त्याचा पत्ता नाही.

शंभर चिठ्ठ्या, प्रत्येकीवर चार हुकूम. नमुना :

सूप ४७. शिटी १ पांढरं. शिटी २ काळं. शिटी ३ काळं. शिटी ४ पांढरं.

चारशे हुकूम दोनदा तपासले. एक घर चुकलं तर कान पाठीवर जायचा.

२६ जाने.

झेंडा झाला, चिठ्ठ्या वाटल्या. आपापल्या बोटाने वाचून सगळे आपापल्या नंबरावर उभे राहिले. एकानेही मला विचारलं नाही. मनातून फार भरून आलं, खोटं का लिहू.

वर्ग सुरू होताना ते सगळे एका सुरात म्हणतात, "जीभ उलटते, कागद उलटत नाही." माझंच वाक्य. चिन्नू मडावीमुळे सुचलेलं. चिन्नू नदीपलीकडच्या जंगलातल्या टोल्यावरचा, म्हणजे लहानशा पाड्यावरचा, साठीचा, वर्गाला डोंग्यातून येतो. जंगलखात्याचा नाकेदार त्याला वर्षानुवर्षं सांगत आला होता की घरापुरता बांबू तोडायलाही बंदी आहे, कागदच तसा आहे. गेल्या पावसाळ्यात चिन्नूने तो कागद स्वतः वाचला, अक्षराअक्षरावर बोट ठेवून. बंदी नव्हती. नाकेदार म्हणाला, "कागद चुकला असंन, मी सांगतो ते खरं." त्या दिवशी मी वर्गाला शिकवलं की कोणी काही म्हणो, कितीही मोठा असो, कागद वाचा आणि कागदावर असेल तेच करा.

आज चिठ्ठी वाऱ्यावर जाऊ नये म्हणून तानाबाईने भाताच्या पेजेने ती सुपाच्या काठाला आतून चिकटवली. तिचं पाहून सगळ्यांनी. रिकामं सूप हलवू नये म्हणून जो तो धानाची एक लोंबीही खोवून आला.

२ फेब्रुवारी

तालीम. फुटक्या बोडीत. दोन सालांपूर्वी पाळ फुटली तेव्हापासून पाणी ठरत नाही, तळ सपाट पडून आहे. पणती, नांगर, देऊळ उत्तम. चौथी शिटी वाजवतच नाही. "गुपित हाय," असं सगळे एकमेकांना डोळे मोठे करून सांगतात. त्यांना काय माहीत.

चिन्नूच्या पायावरून बैलगाडीचं चाक गेलं. हाड वाचलं, पण उभं राहवत नाही. त्याचं ६३ नंबरचं सूप सुनेने घेतलं. तो पाळीवर माझ्याजवळ बसून होता. पहिली शिटी झाली आणि म्हातारा पाळीच्या कडेला सरकून खाली वाकला. मग म्हणाला, "बाई, आमी हे करून राह्यलो होतो? मले वाटे, नुसती सुपं हालवतो."

५ फेब्रु.

सावली गावाला, माहेरी. आईला सगळं सांगितलं. म्हणाली, "सोड न वो. डूख धरून कोनाचं भलं झालं?"

"भलं व्हावं म्हणून धरलाच नाही," म्हटलं.

लाखोळीचं वरण, भात, जवसाची चटणी. दोन घास जास्तच गेले.

९ फेब्रु.

सं. तालमीला. थोडा वेळ पाळीवर उभा राहिला, मग माझ्याकडे हात पुढे केला. "शिटी द्या. त्या दिवशी मीच वाजवीन. संचालन एका हाती असलेलं बरं." माझ्या गळ्यातली शिटी. चामोर्शीच्या बाजारातून मी आणलेली. काढून दिली. त्याने रुमालाने पुसून घेतली.

पुसून!

वाजव बाबा. चारही वाजव. चौथी जरा जोरात वाजव.

१२ फेब्रु.

आज एक भलतंच कळलं.

तालीम संपल्यावर तानाबाई मागे थांबली. "बाई, चौथी शिटी झाली का साहेब खूश होईन न? मंग आमी बोडीचं बोलतो."

"कुठल्या बोडीचं?"

"हेच न. पाळ बांधून भेटली तं खालचं धान वाचन. दोन सालं झाली, लोंबी निसवाच्या वक्ताले पानी नाई. पोचट लोंब्या." मग हसून म्हणाली, "नाई तं जत्रेच्या दिवसात सूप घेऊन कोन येते वो? सारं गाव बोडीसाठी येऊन राह्यलं."

मला वाटलं होतं ते माझ्यासाठी येतात.

घरी येऊन विचार केला. साहेबांसमोर गाढव निघालं. राग कुणावर निघेल? सं. काय गप्प बसेल? "अडाणी लोक आहेत, साहेब, खोडी केली." झालं. बोडी गेली. मी शंभर जणांच्या हातात सुपं दिली, आणि इतके दिवस माझ्या डोळ्यांपुढे एकच डोकं होतं, तिरप्या टोपीचं. स्वतःची लाज वाटली. राग मात्र रतीभर कमी झाला नाही. दोन्ही एकदम कसं असू शकतं कोण जाणे.

१४ फेब्रु.

वर्गात सांगितलं. "चौथ्या शिटीला कुणी हलू नका. देऊळ तसंच राहू द्या."

सगळे आपापल्या सुपाकडे पाहायला लागले. तानाबाईने काठावर बोट ठेवून वाचलं, "शिटी चार, काळं." मग माझ्याकडे पाहून, "इथी तं काळं लिवलं हाय."

"कागद चुकला. मी सांगते ते करा."

तोंडातून शब्द बाहेर पडला आणि कळलं आपण काय बोललो. चिन्नू कोपऱ्यात पाय पसरून बसला होता. तो हळूच म्हणाला, "नाकेदारबी असाच बोले, बाई."

मग तानाबाई मला समजावायला लागली. मायेने, मीच ढ विद्यार्थिनी असल्यासारखी. "बाई, तुमी आमची परीक्षा घेऊन राह्यल्या न? आमाले समजते. तुमी लाख सांगा, आमी कागद नाई सोडत." सगळे हसले. मला शाबासकी मिळाली की त्यांना, कोण जाणे. एका सुरात म्हणालेही. जीभ उलटते, कागद उलटत नाही.

नव्या चिठ्ठ्या लिहिते म्हटलं, तर "हे निघत नाई आता," म्हणून नखाने खरवडून दाखवलं. पेज दगडासारखी वाळली आहे.

खरं लिहायचं तर, मी जोर लावून सांगितलंच नाही. नव्या चिठ्ठ्या जुन्यांवर चिकटवता आल्या असत्या.

१७ फेब्रु.

मार्कंड्याला जत्रा. वाळूत दुकानं, पाळणा, धूळ. काठावर कार्यक्रमाचा मांडव उभा राहतोय. कापडी फलक तयार होऊन आला आहे. 'सूपचित्रांचे जनक' आणि खाली सं.चं नाव, हातभर अक्षरांत.

जनक!

परवापासून मनाशी घोकत होते की रात्रंदिवस बसून शंभर नव्या चिठ्ठ्या लिहायच्या. फलक पाहिला आणि दौत फडताळात ठेवून दिली. होऊ दे काय व्हायचं ते.

२० फेब्रु.

झालं. क्रमाने लिहिते.

सकाळी दहा. मोठे साहेब साधा माणूस निघाला, खादी, जाड भिंगं. खाली वाळूत शंभर जण. बाया नऊवारी आवळून, पुरुष धुतल्या धोतरात. मला मांडवाच्या टोकाला जागा. चिन्नू लंगडत येऊन वर काठावरच, जीपच्या सावलीला बसलेला.

सं.चं भाषण. स्वतःबद्दल. पहिली शिटी, पणती. साहेब उभेच राहिले. दुसरी, नांगर. तिसरी, देऊळ, आणि मागे खरं देऊळ. टाळ्या. साहेबांनी चष्मा काढून पुसला.

"आता गुपित," सं. म्हणाला, आणि गाल फुगवून चौथी शिटी फुंकली.

शंभर सुपं हलली. एकही चुकलं नाही. कान, तोंड, पोट, शेपूट. इतकं स्वच्छ गाढव मी कागदावरही काढलं नव्हतं. सं.चा चेहरा पांढरा पडला. तो पाहायला मी सव्वा महिना जगले होते. पाहिला. डोळे भरून पाहिला.

पुरतं एक पळही टिकला नाही तो. साहेब वाकून म्हणाले, "हे काय, हरीण का?" आणि सं. श्वास न घेता म्हणाला, "हरीणच साहेब. आपल्या जिल्ह्याच्या वनसंपत्तीचं प्रतीक."

साहेब टाळ्या वाजवायला लागले. सगळा मांडव वाजवायला लागला. फोटो काढला.

सव्वा महिन्याचं माझं गाढव त्याने उभ्या उभ्या विकत न घेता नेलं.

मग आणखी एक झालं. साहेब खाली वाळूत उतरले, तानाबाई पुढे झाली, बोडीचं बोलली. साहेब म्हणाले, "होईल, नक्की होईल, मी सांगतो." तानाबाई हलेना. "साहेब, जीभ उलटते. कागदावर लिवून द्या." साहेब आधी चमकले, मग मोठ्याने हसले, खिशातून वही काढली आणि लिहून दिलं. पाळ, सांडवा, या उन्हाळ्यात. तानाबाईने तिथेच सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. सांडव्याशी जरा अडखळली.

मी रडले. कशासाठी ते नीट सांगता येणार नाही.

२१ फेब्रु.

सं. आला. एकटा, जीप लांब उभी करून. शिटी परत दिली.

"हरणाचे कान जरा लांबच झाले, बाई."

मी शिटी पदराने पुसून घेतली.

"साहेबांनी मला नागपूरला बोलावलंय. वरची जागा. अहवालात मी हरीणच लिहिलंय. गावात कुणी विचारलं तर तुम्हीही हरीणच म्हणा. तुमच्या नोकरीच्या दृष्टीने, आणि बोडीच्याही. साहेबांच्या कानावर गाढव गेलं तर मंजुरीचं काय होईल, तुम्ही सुज्ञ आहात." नमस्कार करून गेला. टोपी तिरपी.

म्हणजे मी त्याला गाढव करायला निघाले, आणि त्याच गाढवावर बसून तो नागपूरला निघाला. आता त्याचं खोटं राखायचं काम माझ्याकडे. एवढा अपमान पान अकराने झाला नव्हता.

२४ फेब्रु.

बायांनी विचारलं, "बाई, चवथं काय होतं वो? आमी तं सुपाखाली. आमाले काई दिसलं नाई."

"हरीण," म्हणाले. त्याचा शब्द, माझ्या तोंडून. किती सहज निघाला.

सगळ्या खूश. एकीने तर हरणाची उडी मारून दाखवली. चिन्नूने काठी टेकवली.

"हरीण नव्हतं ते."

"साहेब म्हने न हरीण," कुणीतरी म्हणालं.

"साहेब मुंबईचा. मी रानातला. हरीण जलमभर पाह्यलं. हरणाचे कान असे नसतेत." मग माझ्याकडे बघून, आवाज न चढवता, "गाढव होतं. आमच्या शंभर जनाचं मिळून गाढव काढलं. मले एकच समजत नाई, बाई. ते कोनाचं होतं? साहेबाचं का आमचं?"

तुमचं नाही, हे दोन शब्द तोंडात आले होते. पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. सं., पान अकरा, उगवता सूर्य, आणि सगळ्यात शेवटी 'कागद चुकला'. "तुम्हाला तसं भासलं असेल, चिन्नूभाऊ," म्हणाले. नाकेदारसुद्धा इतकं गोड बोलला नसता.

वर्गात दोन तट पडले. हरीण, गाढव, हरीण, गाढव. तानाबाईने दोन्ही तटांना गप्प केलं. "भांडता काऊन? कागद हाय न."

२५ फेब्रु. संध्याकाळ

उद्या सकाळी खळ्यावर शंभरही सुपं मांडायची, असं ठरवलंय त्यांनी. एक ते शंभर, दहाच्या दहा ओळी. प्रत्येकाने आपली चिठ्ठी वाचायची, चौथ्या शिटीला जी बाजू लिहिली आहे ती वर ठेवायची, आणि मग सगळ्यांनी बोडीच्या पाळीवर चढून पाहायचं. मी शिकवलं तसंच. एक घरही चुकणार नाही.

मघाशी तानाबाई येऊन सांगून गेली. रागाने नाही, तेच वाईट. "तुमी हरीण म्हनता, तं हरीणच असंन. पन तुमीच सांगतलं, कोनी काई म्हनो, आधी वाचा. उद्या शिटी घेऊन या. तुमच्याबिगर कशी वाजन?"

सांगायचं ठरवलं तर आज रात्रीच तिच्या घरी जायला हवं. सांगितलं तर तानाबाई गप्प बसायची नाही, गोष्ट सं.पर्यंत जाईल, तिथून मुंबईला, आणि बोडीचं काय होईल देव जाणे. न सांगावं तर उद्या पाळीवर मी, हातात शिटी, शेजारी चिन्नू.

सं.चा सूड घ्यायची अजून तितकीच इच्छा आहे. जराही विझलेली नाही. पण आज दिवसभर त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणायला गेले की तानाबाई दिसते, काठावर बोट ठेवून 'काळं' वाचणारी.

गाढवाचा कागद वहीत आहे. तानाबाईला दाखवायला म्हणून घडी घालून पदराला बांधला, परत सोडला, दोनदा झालं.

बाहेर बाया घराघरातून सुपं गोळा करत चालल्या आहेत. तानाबाई मोठ्याने मोजतेय. अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद. एकोणनव्वदला पूर्वी ती हमखास अडायची. आज अडली नाही.